गिराणात तोडलेला ऊस

बीडच्या स्टँडवर शिवकांता शिरूर कासारच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकड्यावर महांतेश, कचेरीत कॉम्प्युटर चालवणारा, सुनिताला समजावत होता, ते तिच्या कानावर पडत होतं. सुनिताच्या मांडीवर फाटक्या ओठाचं लेकरू होतं.

“गिराण म्हणजे नुसती चंद्राची सावली, ताई. आमी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जातो, ते धुळीला भिऊन. सावलीला कोण भितंय?”

“मग ह्याचा ओठ?”

“पोटातच तसा घडला. दिवाळीच्या गिराणात तुमी ऊस तोडला, त्याचा काय संबंध? सायन्स हाय हे.”

“दादा, सासूबाई आल्या. हेच त्यांना सांगा. ह्या ओठापायी मालकांचं दुसरं लगीन लावायला निघाल्यात.”

“काय सांगायलाय गं ह्यो?” सासूनं येताच सुनिताला विचारलं.

“मावशी, हिची चूक न्हाई. गिराणानं काई होत न्हाई.”

“तुला लेकरू हाय का, बाबा?”

“हाय. ह्या लेकराएवढंच हाय.”

“म्हंजे गिराणात तुझी बायकोबी पोटुशीच होती. भाजी चिरली का तिनं?”

“न्हाई.”

“कावून?”

“आईनं खोलीत बसवलं होतं. सकाळभर.”

“अन् तू?”

“मी बाहेरून कडी लावली. आईच्या समाधानाला.”

“लेकराचा ओठ कसा हाय?”

“चांगला हाय.”

“ऐकलंस का, सुनिता? चल, गाडी लागली.”

सुनिता जागची हलली नाही. ती महांतेशकडे बघत राहिली, अन् तो पिशवीची चेन पुन्हा पुन्हा लावत होता.