पगारदारीण

(मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं साफी शहर. शुक्रवारची दुपार, मासळीच्या कारखान्याला सुट्टी. इज्जाच्या घराचं दार उघडं आहे आणि तिची थोरली बहीण महजूबा उंबऱ्यातच उभी आहे.)

महजूबा : नाही बसत. बसायला नाही आले मी. तुझा तो पुदिन्याचा चहा पण नको.

इज्जा : मग दारात उभी राहून ओरडू नकोस, ताई. गल्ली ऐकतेय.

महजूबा : ऐकू दे! गल्लीच सकाळपासून माझ्या दारात येतेय. ‘कुठंय तुझी बहीण, आमच्या पोटावर पाय दिला तिनं.’ मी काय सांगू त्यांना? पुढारी झाली ती, भेटायची नाही म्हणून सांगू?

इज्जा : कसला पाय? कारखान्याच्या दारात उन्हात बसलो आपण सगळ्या. कुणासाठी बसलो? मालकानं कागदावर नावं लावली शेवटी. विमा लागला, म्हातारपणाची पेन्शन लागली. आपल्या आईला मिळाली होती पेन्शन? डोळे जाईस्तोवर सार्डिनची मुंडकी कापत बसली, आणि हातात काय आलं? ईद सरल्यावर मालकाच्या घरी उरलेलं मटण.

महजूबा : आईला मध्ये आणू नकोस. माझी मदत बंद झाली, इज्जे. सरकारची मदत. माझी, हनियाची, त्या रकियाची, जिच्या पदरात पोरीच पोरी आहेत तिची. दर महिन्याला फोनवर निरोप यायचा, या महिन्यात आलाच नाही. कचेरीत गेले तर खिडकीतली पोरगी म्हणते, ‘मावशी, तुम्ही आता पगारदार. कॉम्प्युटरनं तुमचे गुण वाढवले. गुण वाढले की मदत बंद.’ शाळेत कधी मिळाले नाहीत ते गुण आता मिळाले बघ मला!

इज्जा : मग पगार मिळतोय ना?

महजूबा : मासा असेल तेव्हा! पौर्णिमेला बोटी जात नाहीत, वारा सुटला की जात नाहीत, हिवाळ्यात तर सरकारच बंदी घालतं. तेव्हा काय मिळतं पगारदाराला? खारा वारा! मदत कशी यायची, चंद्र असो, वादळ असो, यायची. थोडी होती, पण शेजारणीकडे पिठाला जावं लागत नव्हतं. आणि मिलूदचं दवाखान्याचं कार्ड त्या मदतीवरच होतं. ते पण गेलं.

इज्जा : नव्या विम्यात त्याचाही इलाज होणार आहे.

महजूबा : होणार आहे! काही महिने हप्ते भरल्यावर होणार आहे! तोवर तुझ्या मेहुण्यानं श्वास घ्यायचं थांबवायचं का? जा, विचारून ये तुझ्या युनियनच्या साहेबांना. म्हणावं, याची छाती भात्यासारखी वाजतेय, याला हिवाळ्यापर्यंत थांबायला सांगू का?

इज्जा : ...हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ताई.

महजूबा : तू विचारलंस कधी? तुला ना नवरा ना पोर. तुला कुठली मदत होती की जाईल? ज्याच्या घरात काही नाही त्याला आग लावायला काय लागतं!

इज्जा : बोललीस? झालं समाधान?

महजूबा : नाही झालं.

इज्जा : मग हे बघ. बघ ना इकडं, तोंड काय फिरवतेस? हे बोट कुठं गेलं? यंत्रात गेलं. मी रक्तानं न्हालेली, आणि तुझा तो मुकादम कब्बूर दवाखान्यात काय म्हणाला आठवतं? ‘ही बाई आमच्याकडे कामालाच नाही. मांजरांसाठी मुंडकी मागायला आली होती.’ मांजरांसाठी! माझ्या बोटापेक्षा त्याच्या यंत्राची काळजी जास्त. त्या दिवशी ठरवलं, मरेन तर नाव लावून मरेन. तुम्ही सगळ्या माझ्या मागं बसलात, त्यात सगळ्यात मोठा आवाज तुझा होता. तो विसरलीस?

महजूबा : नाही विसरले. म्हणून तर जास्त जळतंय.

कब्बूर : सलाम अलेकुम! येऊ का आत? आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येतोय, म्हटलं दोघी बहिणी एकाच ठिकाणी सापडतील.

इज्जा : नाव घेतलं आणि मुकादम हजर. आत नको. बाहेरूनच बोला.

कब्बूर : राग नाकावर ठेवू नकोस, पोरी. मी तुमच्या भल्याचंच घेऊन आलोय. मालकांच्या कानावर गेलं सगळं. बायकांची मदत बंद झाली म्हणून त्यांना जेवण गोड लागेना. म्हणाले, कब्बूर, घरोघर जा. ज्यांना नाव नको असेल त्यांनी राजीनाम्यावर अंगठा द्यावा. काम पहिल्यासारखं चालू. भोंगा वाजला की या, मासा कापा, रोख घ्या, घरी जा. कागदावर तुम्ही बेकार. दोन-तीन महिन्यांत कॉम्प्युटर विसरेल तुम्हाला, मदत परत सुरू.

इज्जा : वा! आणि कुणाचं बोट गेलं तर?

कब्बूर : अभद्र बोलू नये. हनियानं दिला अंगठा. रकियानं दिला. महजूबा, तू शहाणी आहेस.

महजूबा : देते मी. आणा कागद.

इज्जा : ताई!

महजूबा : काय ताई? तू पोसणारेस आम्हाला? मी काही काम सोडत नाहीये. काम कुठं सोडतेय? नाव सोडतेय फक्त.

कब्बूर : हेच म्हणतो मी. खरं सांगू का बायांनो, या मदतीनं घोळ केला सगळा. पूर्वी काय दिवस होते! भोंगा वाजला की रात्री-अपरात्री धावत सुटायच्या बायका, पदराला पोर बांधून. आता घरबसल्या मिळायला लागलं तसा माज चढला. फुकटचं खाऊन हात जड झाले, दुसरं काय? आळस हो!

महजूबा : काय म्हणालात?

कब्बूर : तुला नाही, जनरल बोलतोय.

महजूबा : आळस? हे हात बघा. बघा म्हणते! मिठानं कातडी सोलली आहे, लिंबू पिळायचं म्हटलं तर डोळ्यांत पाणी येतं. मिलूद आजारी पडला तेव्हा दुसऱ्या दिवशी कामावर होते मी. मदत चालू असताना एक तरी भोंगा चुकवला का मी? तुम्हीच सांगा, चुकवला? बंदरावरच्या चहाच्या टपरीत दिवसभर पत्ते कुटणारे तुमचे दोन भाऊ आळशी नाहीत, आणि मी आळशी? सरकारनं पिठाला चार पैसे दिले म्हणून मी गादीवर लोळले नाही. तेवढ्यानं पोरगी शाळेत राहिली. नाहीतर ती पण आली असती तुमच्या दारात, नाक दाबून!

कब्बूर : अगं, तुला नाही म्हणालो म्हटलं ना. हा घे, इथं अंगठा. आणि हो, एक बारीकशी गोष्ट. रोखीतल्या बायकांना माशाच्या पेटीमागे भाव थोडा कमी राहील आता.

महजूबा : कमी? कशापेक्षा कमी?

कब्बूर : पूर्वीपेक्षा. मालक म्हणाले, सरकार वरचं देणारच आहे ना त्यांना.

महजूबा : म्हणजे?

इज्जा : म्हणजे मदत तुला मिळणार आणि खाणार मालक. आता कळलं त्याला जेवण का गोड लागेना? अजून वाढायचं राहिलं होतं ताटात!

कब्बूर : तू मध्ये पडू नकोस. तुझं नाव आहे ना कागदावर? खूश राहा.

इज्जा : मी मध्येच पडणार. बहीण आहे माझी, तुझ्या बापाची पेटी नाही. मुकादम, उद्या किती बोटी येतायत?

कब्बूर : येतील. तुला काय करायचंय?

इज्जा : बंदरावरची पोरं सांगून गेली. जाळी फाटायची वेळ आली एवढा मासा लागलाय. बर्फ पुरतोय का कारखान्यात? नाही ना? मग उद्या या गल्लीनं दारं लावून घेतली तर संध्याकाळपर्यंत त्या माशाचा वास मालकाच्या दिवाणखान्यात जाईल का नाही, तेवढं सांग.

कब्बूर : धमकी देतेस?

महजूबा : ती कशाला देईल? मी देते. हनियाला हाक मारू? रकियाला सांगू, तू कमी भावावर अंगठा दिलास म्हणून? सांगितलंत त्यांना?

कब्बूर : सांगणारच होतो...

महजूबा : नाही सांगितलं! बघ इज्जे, नाही सांगितलं यानं!

इज्जा : जुना भाव. पेटीमागे एक दिरहमसुद्धा कमी नाही. आणि हातमोजे कारखान्याचे, मजुरीतून कापायचे नाहीत.

कब्बूर : हातमोजे कशाला आणतेस त्यात? बरं, जुना भाव. अल्लाची शपथ.

इज्जा : शपथ नको. अल्लाला त्रास कशाला? पायरीवर उभा राहा आणि गल्लीत ओरडून सांग. हातमोज्यांसकट.

कब्बूर : मी मुकादम आहे, भाजीवाला नाही.

महजूबा : मग उद्या तुम्हीच कापा मुंडकी. तुमचे भाऊ आहेतच मदतीला.

कब्बूर : ...ऐका हो! बायांनो, ऐका! ज्यांनी अंगठा दिला त्यांना भाव जुनाच! जुनाच म्हणतो! हातमोजे... हातमोजे कारखान्याचे! झालं? घसा फाडलात माझा.

इज्जा : झालं. आता तिचा अंगठा घे. पण माझ्या घरात नको. बाहेर पायरीवर घे.

महजूबा : इज्जे...

इज्जा : दे, ताई. मी अडवत नाही. फक्त बाहेर दे.

कब्बूर : हं. इथं. जोरात दाब. झालं. आणि इज्जा, तू पण विचार कर. गल्लीत एकटीचंच नाव राहील. एकटं नाव काढायला मालकाला कारण शोधावं लागतं एवढंच.

इज्जा : मग शोधा. बसा शोधत. मांजरांनाही विचारा.

कब्बूर : जीभ आवर तुझी. येतो मी.

महजूबा : गेला. ...बघतेस काय अशी? थुंक माझ्यावर, बरं वाटेल.

इज्जा : थुंकून काय होणार? ज्यानं हा नियम काढला त्याच्यावर थुंकायचंय, तो सापडत नाही. काम नाही केलं तर आळशी म्हणतात, केलं तर पगारदार म्हणतात. चोरून केलं की मग सगळे खूश. सरकार खूश, मालक खूश.

महजूबा : मी नाही खूश.

इज्जा : दिसतंय.

महजूबा : मघाशी ते... नवऱ्या-पोराचं बोलले मी.

इज्जा : बोललीस. आता परत आठवण काढू नकोस.

महजूबा : उद्या तुला काढलं तर?

इज्जा : तर तुझ्याकडे जेवायला येईन. मदत परत चालू झालेली असेल.

महजूबा : हसू नकोस. मला हसायला येत नाहीये.

इज्जा : मग बस आता तरी. चहा करते.

महजूबा : नको. इज्जे, माझ्याबरोबर घरी येतेस?

इज्जा : आत्ता? कशाला?

महजूबा : मिलूदला सांगायचंय. माझं नाव लागलं त्या दिवशी तो काठी टेकत टेकत कोपऱ्यावरच्या कॅफेपर्यंत गेला होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा. श्वास पुरत नव्हता, तरी सगळ्यांना सांगत होता, माझी बायको कारखान्यात पक्की झाली, माझी बायको पक्की झाली. आपल्या खिशातून चहा पाजला लोकांना.

इज्जा : मग? काय सांगायचं त्याला?

महजूबा : तू सांग. तुझं ऐकतो तो. सांग, मालकानं काढलं माझं नाव. मी दिला अंगठा असं नको सांगूस. येशील?

इज्जा : थांब. डोक्यावर रुमाल घेते.