उतरवलेला गिअरबॉक्स

नालासोपाऱ्याला गास गावच्या बसची रांग लागली होती. विनिताच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. म्हाताऱ्याच्या पिशवीला ग्रीसचा वास येत होता, तेव्हा विनिताने साडी जरा सावरून घेतली.

"बेअरिंग मिळालं. आता तरी गाडी जोडनार?"

"बघू."

"बघू काय? गिअरबॉक्स ओटीवर, मागचा ॲक्सल केळीखाली. लग्नाचे पावने बसवायचे कुठं, ॲक्सलवर?"

"घरीच उतरवलाय, भागू. घरीच चढवीन."

"पोरीचं लग्न येत्या रविवारी. तेजस्वीला मीच गाडीतून सासरी सोडनार, असं गावभर सांगून झालंय तुमचं."

"सांगितलं खरं."

"आनि बिघडलं तरी काय होतं? आवाज नव्हता, काय नव्हता."

रांग थोडी पुढे सरकली.

"बोळिंजच्या वळनावरची ती भारेवाली बाई आठवते?"

"ब्रेक उशिरा दाबलात, ती?"

"मला ती दिसलीच नाय, भागू. तू ओरडलीस म्हनून दाबला."

"ते मला तेव्हाच कळलं. म्हनून तर ॲक्सलचे बोल्ट मी तांदळाच्या डब्यात लपवलेत."

"कधी?"

"उतरवलात त्याच संध्याकाळी. वाटलं, शोधून शोधून घर डोक्यावर घ्याल."

"मी शोधले कुठं?"

बस येऊन थांबली. म्हातारीने त्याच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

"पायरी उंच हाय, माझा हात धरा. पोरीला सांगू, बेअरिंग काय मिळालं नाय."