सीताराम काका शुद्धीत होता

आमचं गाव पवनी तालुक्यात, आसगावच्या अलीकडं. नाव नाही लिहिलं तरी चालते, आमच्याकडच्या कोणत्याही गावाचं नाव टाका, खपून जाईल. वर तलाव, तलावाखाली धानाच्या बांद्या, मधात गाव अन् गावाच्या खालच्या अंगाले आमचा बौद्ध मोहल्ला. मी तिथलाच. बापाचं नाव गोविंदा. मले सगळे वामन मास्तर म्हणतेत, अन् पंधरा-सोळा वर्षं मोहल्ल्यात कोणी बुढं माणूस मेलं का शोकसभेत बोलाले मीच उभा राहिलो, कारण बोलाले येणारा मीच. आता काय सांगू भाऊ तुम्हाले, मी जे बोललो त्यातलं अर्धं खोटं होतं, अन् उरलेलं अर्धं असं गुळगुळीत का कोणाच्याही बुढ्याले लागू झालं असतं.

ते बुढे कोण होते ते आधी ऐका. छप्पन साली आमचे लोक नागपूरले गेले अन् दीक्षा घेऊन आले. आल्यावर त्यायनं एकच केलं, मेलेली ढोरं ओढाले नाही म्हणलं. बस, एवढंच. तं गावानं वाळीत टाकलं. रोवण्याची मजुरी बंद, दुकानातलं मीठ बंद, अन् गावाच्या विहिरीचं पाणी बंद. आमच्या बाया उन्हाळ्यात नाल्यावर जात, नाल्यात झिरा खोदत, वाटीवाटीनं पाणी भरत. तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या आठ माणसायनं ठरवलं का आपली विहीर आपण खोदू. माहा बाप त्यात, धोंडूजी त्यात, सीताराम काका अन् त्याची बायको ठमाकाकी त्यात.

मी नव्हतो. मी भंडाऱ्याले वसतिगृहात राहून शिकून राहिलो होतो, एकोणीस वर्षांचा घोडा, हाताले सब्बल, पहार म्हणा, पेलली असती. बापानं निरोप धाडला का परीक्षा होयेपर्यंत गावाकडं पाय ठेवू नोको. मी नाही ठेवला. मले बरंच वाटलं, खरं सांगतो. आता सांगताना लाज वाटते.

मुरूम निघाला तोवर ठीक होतं. त्याच्याखाली काळा गोटा लागला. सुरुंगाची दारू कोण देणार वाळीतल्या माणसायले. तं धोंडूजी म्हणे का गोटा तापवा अन् वरून पाणी टाका, तडकते. काट्याकुट्या गोळा करून खाली जाळ कराचा, गोटा लाल झाला का थंड पाणी ओताचं, मग घनानं फोडाचा. आता इचार करा तुम्ही, पाणी नव्हतं म्हणून विहीर, अन् विहिरीसाठी पाणी पायजे. ते पाणी ठमाकाकी अन् बाकीच्या बाया नाल्यावरून डोक्यावर आणत, घरी लेकरं तहानेली, अन् हे पाणी गोट्यावर. दोन महिने असं चाललं. एक दिवस भरल्या टोपल्याचा नाडा, म्हणजे दोर, तुटला अन् गोटे खाली सीताराम काकाच्या डोक्यावर. काका जागीच गेला. वर नाड्याले ठमाकाकी होती. तुटाच्या आधी नाडा सरकला तसा तिच्या हाताची कातडी घेऊन गेला, दोन बोटं मग जन्मभर सरळ झाली नाही.

अन् पाटलानं काय केलं. पाटील म्हणजे आमचा जुना मालगुजार, ठाण्यात कागद त्याच्याच सांगण्यावर होत. त्यानं लिहून दिलं का सीताराम दारूच्या नशेत खड्ड्यात पडून मेला. खड्डा म्हणलं, विहीर नाही म्हणलं. दीक्षा घेतली त्या दिवसापासून ज्या माणसानं थेंब तोंडात घेतला नाही, दारू न पिण्याची प्रतिज्ञा म्हणली का म्हणलीच, त्याले कागदावर दारूत बुडवलं. मग गावात तेच चालू झालं, आमचे पोट्टे कुठं भांडले तं म्हणत, जा रे, दारू पिऊन खड्ड्यात पडणाऱ्यायचे तुम्ही. आमचेही काही लोक नंतर नंतर म्हणाले लागले का असन बाप्पा, थोडी घेतली असन, अंगदुखीले. मले त्यायचा राग पाटलापेक्षा जास्त येते.

बाकीच्यायनं विहीर पुरी केली. पाणी लागलं, गोड लागलं, आजही त्यावर मोहल्ला जगून राहिला. अन् त्या पाण्यावर हे लोक जगले तेही असे जगले का काय इचारता. ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. वाळीत टाकणारे पुढच्या आळीतले कितीक लवकर गेले, हे बसलेच. चिवट.

मी शिकलो, अन् सत्तर साली पाटलाच्याच संस्थेच्या शाळेत मास्तर झालो. दुसरी शाळा होती कुठं. पाटलानं पाठीवर हात ठेवला, म्हणे वामन आपला माणूस आहे. अन् मी आपला झालो. कोणी मले धमकी दिली नाही, कोणी काही बोलू नोको म्हणलं नाही. तशी गरजच पडली नाही, एवढा शहाणा होतो मी.

पहिले धोंडूजी गेला, चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या आसपास. नव्वदीच्या पुढचा बुढा. दात एक नाही, पण सब्बल मारली का आवाजावरून सांगे खाली मुरूम आहे का गोटा. आजूबाजूच्या सहा गावायच्या विहिरीच्या जागा त्यानं दाखवलेल्या. दोन बायका पुरल्या, पाच लेकरं पुरली, अन् सकाळी उठून ओट्यावर बसून लोकायच्या टवाळ्या करे. मले म्हणे, काय गा मास्तर, भंडाऱ्याले जाऊन चष्मा आणला, अक्कल राहिली का तिकडंच. असा माणूस. अन् त्याच्या शोकसभेत मी काय बोललो. पाटील समोर खुर्चीवर, गळ्यात आपल्याच पोरायनं घातलेला हार. मी म्हणलो, धोंडूजी मनमिळाऊ, कष्टाळू अन् धार्मिक होते, आणि गावाच्या सहकार्यानं विहीर खोदण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुस्तकी भाषेत.

बायकायच्या बाजूनं ठमाकाकी उभी झाली. म्हणे, कोणत्या गावाच्या गा मास्तर, आपल्या का पुढच्या जन्मीच्या. लोक हासले. पाटीलही हासला, मान हलवून, मजेत. मी गिलासातलं पाणी पेलो, त्याच विहिरीचं, अन् पुढं बोलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी काकी घरी आली. उंबऱ्यावर बसली, चहा नाही घेतला. म्हणे, वामन्या, तुनं धोंडूले जे लुगडं नेसवलं तेच गेल्या साली मेलेल्या म्हातारीले नेसवलं होतं, अन् तेच उद्या मले नेसवशीन. मनमिळाऊ. धोंडू मनमिळाऊ होता का रे, भाडखाऊ होता, पण गोट्याखालचं पाणी ओळखणारा होता, ते सांगाचं. मी म्हणलो, काकी, शोकसभेत तसं बोलत नसतेत. काकी म्हणे, नसन बोलत. मले एकच पायजे. पाटील समोर बसला असताना एक डाव म्हण, सीताराम दारू पेला नव्हता, विहीर खोदता खोदता मेला. बस. बाकी तुह्या मनचं बोल. मी म्हणलो, तुमीच काहून नाही म्हणत. तं म्हणे, मी म्हणलं तं बाईचं रडणं होते, तू म्हणलं तं बोलणं होते. तू शिकला कायले मग.

मी वचन देलं. पुढच्या शोकसभेत नक्की सांगतो, काकी. तोंडातून निघून गेलं. पुढची शोकसभा कोणाची राहीन याचा इचार केला नव्हता.

ते माह्या बापाची निघाली. गोविंदाबुढा, ब्याऐंशी वर्षांचा. तुम्हाले सांगतो, त्या माणसानं मले विहिरीत उतरू देलं नाही, मी पुस्तक घेऊन बसावं म्हणून, अन् स्वतः खाली उतरून गोटे फोडले. डोळ्यात कपची गेली ते त्या डोळ्यानं मग धुकंच दिसे, तरी धानाचा परा रोवताना ओळ वाकडी नाही. मेला त्या दिवशी सकाळी बांदीचा धुरा, म्हणजे बांध, घालून आला होता. अन् त्या वर्षी हेडमास्तरची जागा खाली होती. पाटील बापाच्या शोकसभेले आला, माह्या खांद्यावर हात ठेवला, म्हणे, धीर धरा हेडमास्तर. सगळ्यायच्या समोर म्हणला, हेडमास्तर. मग मी बोलाले उभा झालो.

ठमाकाकी समोर बसली होती, माह्या तोंडाकडं पाहून. मीनं सारं सांगतलं, बापानं मले कसं शिकवलं, कसे कष्ट केले, रडलोही. सीताराम काकाचं नाव घेतलं नाही. विहिरीचं नाव घेतलं नाही. बापाचा डोळा कशानं गेला तेही म्हणलो नाही, म्हणलो वयोमानानं. माह्या बापाच्या मयतीत, भाऊ. लोक म्हणे मास्तर लय चांगले बोलले.

त्यानंतर काकी माह्याशी बोलली नाही. दहा-अकरा वर्षं. रस्त्यानं आली तं पदर इकडचा तिकडं करे अन् निघून जाय. नव्वदीकडं झुकली, तरी रोवण्याले बायका तिले बोलावत, धुऱ्यावर बसून गाणं म्हणाले, अन् कोणाचा हात चुकला तं तिथूनच शिव्या. नातीले शकुंतलेले तिनं शिकवून नर्स केलं. ते सारं मी लांबून पायलं. मी हेडमास्तर होतो, मले वेळ होता.

गेल्या साली काकी गेली. मोहल्ल्याच्या मंडपात शोकसभा, दुपारची. मी गेलो, तं शकुंतला दारातच म्हणे, मास्तर, बसा, पण आजीनं सांगून ठेवलं आहे का माह्या मयतीले वामन्यानं तोंड उघडू नये. हळूच बोलली पोरगी, चारचौघांत नाही बोलली. मी खाली सतरंजीवर बसलो. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं. तेवढ्यात पाटील आला, नातवाचा हात धरून, काठी टेकत. तोही म्हातारा झालेला, कानानं बहिरा. त्याले खुर्ची देली. आजही देतेत, भाऊ, आमचेच पोट्टे उठून देतेत, मले ते पाहून आगच लागते. खुर्चीवर बसला अन् मोठ्यानं म्हणे, अरे मास्तर कुठं आहेत, मास्तर दोन शब्द बोला, तुमच्याशिवाय शोभा नाही.

शोभा. काकी जाऊन पाच दिवस झाले होते, अन् त्याले शोभा पायजे होती.

मी शकुंतलेकडं पायलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. बोललो तं मेलेल्या बाईचा शब्द मोडते, नाही बोललो तं तिले जिवंतपणी मी देलेला मोडते, तो तं मोडलेलाच होता. मी उभा झालो. अन् म्हणलो, सीताराम काका दारू पेला नव्हता. तो आमची विहीर खोदता खोदता मेला. पाटलानं खोटं लिहून देलं. अन् मले मालूम असून मी दोन शोकसभेत गप्प राहिलो.

पाटलानं नातवाकडं कान केला, काय म्हणे मास्तर. नातू त्याच्या कानात म्हणे, काही नाही आजोबा, श्रद्धांजली वाहून राहिले. पाटलानं मान डोलावली, अन् हात जोडले.

मग माह्या अंगात काय आलं मले ठाऊक नाही. पन्नास वर्षांचा माणूस मी, लोकायच्या मधातून, सतरंजीवरून चपला न पाहता गेलो अन् त्या म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून ओरडलो. वर्गात पोट्ट्यायवर कधी ओरडलो नसन तसा. सीताराम शुद्धीत होता. तुमी खोटं लिहिलं. नातवानं मले ढकललं. पाटलानं त्याचा हात थांबवला. माह्याकडं पायलं, डोळे पाणावलेले, पण ते म्हातारपणानं, दुसऱ्या कशानं नाही. अन् शांतपणे म्हणे, मले मालूम आहे ना मास्तर. तुमचा बापही जाणत होता. त्यात ओरडाचं काय.

बस, एवढंच म्हणला. त्याले ते इतकं लहान होतं. तीस वर्षं आम्ही ज्याच्यासाठी मान खाली घालून फिरलो, जे ऐकाले एक बाई नव्वदीपर्यंत जगली, ते त्याच्यासाठी चहाच्या कपाएवढं. चहा आला तो पेला अन् नातवाचा हात धरून गेला.

लोक पांगल्यावर शकुंतला सतरंज्या गुंडाळत होती. मी एक टोक धरलं. तिनं धरू देलं, हिसकलं नाही. मग म्हणे, एवढा आवाज होता मास्तर तुमच्यात, आजी असताना कुठं होता. रागानं नाही म्हणलं. मलेरियाच्या रोग्याले इचारते तसं इचारलं, ताप कधीपासून आहे. मी माहं टोक तिच्या हाती देलं.

आता मोहल्ल्यात त्या आठ माणसायतलं कोणी नाही. पोट्टे मले म्हणतेत, मास्तर, तुमी मोठं काम केलं, पाटलाच्या तोंडावर बोलले. मले त्यायच्या तोंडात मारावंसं वाटते. बहिऱ्या म्हाताऱ्यावर ओरडलो मी, अन् जिले ऐकाचं होतं तिले पाच दिवस आधी मातीत ठेवून आलो होतो. याले काम म्हणत नसतेत. अजूनही शाळेत जातो, पाटलाच्याच संस्थेच्या, कोणी काही केलं नाही मले. करतील असं मी तीस वर्षं समजत होतो, ते भेव माहं माहंच होतं.

तुमी लिहून घेतलं, तुमचं भलं होवो, लेकराबाळायचं भलं होवो. झालं असन तं एक डाव वाचून दाखवा मले, सुरुवातीपासून. मोठ्यानं वाचा. दार लावू नोका, राहू द्या उघडं, बाहेर विहिरीवर बाया आहेत.