आदिमानवावरचा शिक्का

१९९८ साली धारवाडच्या एका पोस्टात श्रीलक्ष्मी रजिस्टरच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे सायन्सचे निवृत्त मास्तर गुरुराज आणि त्यांची बायको गोदूबाई. मास्तरांना परदेशातून पत्र आलं होतं. तिकिटावर आदिमानव होता, पण तिकडचं पोस्ट शिक्का मारायलाच विसरलं होतं. खिडकीत बसलेला मंजुनाथ मास्तरांचाच जुना विद्यार्थी.

“मंजुनाथ, कोपऱ्यात मार हं. तोंडावर नको. दहा वर्षं शोधत होतो ह्यांना.”

“कोण हे, सर?”

“आपले पूर्वज. वीस लाख वर्षांपूर्वीचे.”

“पूर्वज? मग ब्याडरी, नको सर. वाडवडिलांच्या तोंडावर शिक्का बसला तर? माझ्या हातून नाही व्हायचं.”

“अरे, हे काय तुझे आजोबा आहेत?”

“आत्ताच तर आपले म्हणालात.”

“उद्या हुबळीत तिकिटांचं प्रदर्शन आहे रे! शिक्क्याशिवाय घेणार नाहीत.”

“द्या इकडे, मी मारते.”

“तू? अगं गोदू, तुला कशाला…”

“तुमच्याकडच्या माणसांचं पस्तीस वर्षं ऐकून घेतलंय मी. मंजुनाथ, दे तो शिक्का.”

मंजुनाथने शिक्का दिला. मास्तरांनी डोळे मिटले. मागे श्रीलक्ष्मीच्या हातातलं पाकीट चुरगळलं.

धप्प!

“कुठं बसला गं?”

“डोळे उघडून बघा की.”

“कोपऱ्यात! तारीखसुद्धा स्वच्छ! चेहऱ्याला धक्का नाही!”

“तोंडावरच मारणार होते. पण नाक अगदी सासूबाईंचं निघालं. हात धजला नाही.”