गेल्या वर्षी याच दिवशी

अरे, त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. आमच्या अंधेरीच्या पेपरात ‘गेल्या वर्षी याच दिवशी’ अशी एक चौकट असते, जुन्या अंकातला मजकूर पुन्हा छापायचा. ती मी बघते, बाकी कोणी ढुंकूनही बघत नाही. तर संपादकांचा अग्रलेख आला: आरेतला आदिवासी पाडा उठवून रस्ता व्हायलाच हवा! आणि गेल्या वर्षी बरोब्बर त्याच तारखेला ह्याच माणसाने लिहिलं होतं, पाड्यातलं एक घर जरी हललं तरी आम्ही रस्त्यावर उतरू. मधे काय झालं? बिल्डरच्या पानभर जाहिराती यायला लागल्या, बस.

मी सरळ जुना अग्रलेख अख्खा चौकटीत टाकला, नव्याच्या अगदी शेजारी.

सकाळी वाचकांचे फोनवर फोन. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “हा आचरटपणा कोणाचा?”

“तुमचाच, सर. दोन्ही तुम्हीच लिहिलेत.”

“भूमिका बदलतात गं! ती चौकट आजपासून बंद.”

“करा ना बंद. का केली तेही छापा. आणि आजचा अंक मी जपून ठेवलाय, सर. पुढच्या वर्षी लागेल.”