सासू अन् लाल शिमला मिरची

अवो, मिरचीवरून माही अन् माह्या सासूची कशी जुंपली, ते ऐका. पोटात जळते म्हणून डॉक्टरनं त्यायचं तिखट बंद केलं होतं. मिरचीशिवाय त्यायले घास उतरे ना, अर्धा भात ताटातच राहे. म्हणून म्यां घरामागच्या सांदवाडीत शिमला मिरचीची चार झाडं लावली. मिरच्या झाडावरच पिकू देल्या, तं लालभडक झाल्या.

जेवताना ताटात मिरची पाहून सासू म्हणे, "लाल झाली म्हणजे तिखट झाली. मले मारते का?"

"आई, हे पिकली का गोड होते."

"मिरची कधी गोड होते का वो? मले शिकवून राहिली!"

म्यां ते उचलली अन् त्यायच्यासमोर कचकन चावली. खरं सांगू का, पिकलेली मीही पहिल्यांदाच खाऊन राहिली होती. पण माह्या झाडाचा मले भरवसा होता. सासू माह्या डोळ्याकडं पाहून राहिली, पाणी येते का म्हणून. नाही आलं.

मंग त्यायनं माह्या हातातली उष्टी मिरची घेतली अन् सगळ्या भातासंगं करकर खाऊन टाकली.

हात धुता धुता म्हणे, "चार झाडानं काय होते वो? पार काट्याच्या कुपापर्यंत लाव!"