मागून येणारी पावलं

कौसल्या : ...मंग मुठीतला पापड तुटला का आज?

रोशनी : तुटला असन. सर म्हणतात, मुठीत पापड पकडला हाय असं समजून पळ. दोन चक्कर मुठी ढिल्या होत्या. मग कधी आवळल्या, मलेच समजलं नाही.

कौसल्या : मी कट्ट्यावरून पाहून राहिली होती ना. आधी मुठी, मंग दात, मंग खांदे कानाले लागले. डोक्यावर वझं घेऊन पळाल्यासारखी दिसत होती तू.

रोशनी : पाय अंगाखाली टाक, पुढं फेकू नको, सगळं पाठ हाय वं आई. शेवटच्या चक्करले डोक्यातून साफ होते.

कौसल्या : शेवटच्याच चक्करले काहून? दम तं पुरते तुले.

रोशनी : पुरते.

कौसल्या : कामिनी?

रोशनी : तिचं नाव नको घेऊ.

कौसल्या : मौद्याहून पहिल्या बसनं यायची पोर. आपल्याच घरी तोंड धुवायची, तुह्याशिवाय पळायची नाही. वर्ष झालं, नाव नको घेऊ म्हणते तू.

रोशनी : तिनं काही केलं नाही. मलेच लाज वाटते. मागच्या वर्षी जिल्ह्याच्या टीमच्या निवडीच्या दिवशी मी पुढं होती. तिचे पाय मागून वाजले, अन् मी वळून पाह्यलं. छातीच बंद झाली माही. ट्रॅकवरच बसली मी, सगळ्यांसमोर. आता एकटी पळाली तरी मले मागून पाय ऐकू येतात.

कौसल्या : अन् हे मले आज सांगून राहिली?

रोशनी : तू टेन्शन घेशीन म्हणून.

कौसल्या : तुहे बाबा गेले त्या वर्षी, कुकरची शिट्टी झाली का मले धंतोलीच्या दवाखान्यातली मशीन ऐकू यायची. मी भिंत धरून उभी राह्यची. मंग विहारात बसाले लागली. भंतेजी म्हणाले, आवाज बंद करू नको, येऊ दे. आपला श्वास कुठं हाय, तेवढं पाह्य.

रोशनी : मग बंद झाला तो आवाज?

कौसल्या : नाही ना. पण आता शिट्टी झाली का मी गॅस बंद करते.

रोशनी : पळतानी मी डोळे मिटून बसू का?

कौसल्या : पळतानी नको. सकाळी गच्चीवर तू एका पायावर उभी राह्यते ना, तवा करू. मीबी राहीन उभी.

रोशनी : पडशीन.

कौसल्या : पडीन तं तुह्याच अंगावर पडीन. अन् इथं मैदानात मी मागून पाय आपटत येईन. तू वळायचं नाही. पाय वाजले का श्वास सोडायचा, खांदे सोडायचे.

रोशनी : साडीवर पळशीन तू?

कौसल्या : नाही तं काय, तुही चड्डी घालू?

(दोन महिन्यांनी. निवडीचा दिवस, तेच मैदान. शर्यत नुकतीच संपली आहे.)

कौसल्या : पाणी पी. बसू नको, चालत राह्य.

रोशनी : पाह्यलं तू?

कौसल्या : शेवटचं नाही पाह्यलं. डोळे मिटून घेतले होते.

रोशनी : अन् मले शिकवते.

कौसल्या : तुले पळाले तरी होतं. मले नुसतं बसून राह्यचं होतं. सांग आता.

रोशनी : कामिनी पहिली, मी दुसरी. दोघीबी निवडल्या गेलो.

कौसल्या : थांब. मले बसू दे जरा.

रोशनी : तिचे पाय वाजले, आई. शेवटच्या चक्करलेच. मी श्वास सोडला, तं खांदे आपोआप खाली आले. अन् मंग मले तिचा श्वास ऐकू आला. लय दम फुलला होता तिचा, रडल्यासारखा. मले वाटायचं, ती मजेत येते मागून. ती पण भेली होती वं.

कौसल्या : मंग पुढं गेली ती?

रोशनी : गेली. मी माही पळत राह्यली. जातानी एकदा माह्याकडं पाह्यलं तिनं.

कौसल्या : बोलली काही?

रोशनी : पळतानी काय बोलन? अन् नंतरबी नाही. ते पाह्य, झाडाखाली बसली, बूट सोडून. तिच्यासंग कोणी आलं नाही वाटते.

कौसल्या : बोलाव मंग तिले.

रोशनी : काय म्हणून बोलावू?

कौसल्या : पोहे खायले. मी तिघींचे करून आणले.